हुरड्याच्या हंगामात वाचायच्या क्विअर प्रेमकादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले आणि रानातली ज्वारी गुडघ्याला लागली की मला निरोप यायला लागतात. "ताई, यंदा काय वाचायचं?" परभणीत आमचा नऊ-दहा जणांचा वाचनगट आहे. त्याला नाव नाही, दारावर पाटी नाही. महिन्यातला एक रविवार माझ्या गच्चीवर बसायचं, चहा करायचा आणि दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्या, पारलिंगी (ट्रान्स) माणसांच्या प्रेमाच्या, म्हणजेच क्विअर, कादंबऱ्यांवर बोलायचं, एवढंच. माझ्या कपाटातली पुस्तकं गंगाखेड, सेलू, वसमत, माजलगाव, उदगीर अशी फिरत असतात. यंदा सप्टेंबरच्या पावसात एक खोका भिजला. त्यातली पुस्तकं आम्ही पंख्याखाली, पानापानात जुना पेपर घालून वाळवली. ती आता फुगून दुप्पट जाड झालीत, पण वाचता येतात.

तेच तेच प्रश्न फोनवर, मेसेजवर आणि बसस्टँडवर उभ्या उभ्या येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

क्विअर रोमान्स म्हणजे नेमकं काय? समलिंगी माणसांवरची कुठलीही कादंबरी?

नाही. समलिंगी माणसांवर दुःखाच्या कादंबऱ्या भरपूर आहेत. त्यातल्या काही फार मोठ्या आहेत, पण त्यांना रोमान्स म्हणत नाहीत. रोमान्समध्ये गोष्टीचा कणा प्रेम असतो आणि शेवटी ती दोन माणसं जिवंत आणि एकत्र असतात. वाटेत कितीही रडवा, शेवटी वाचकाला घरी आणून सोडायचं, असा या प्रकारातला लेखकाचा वाचकाला दिलेला शब्द असतो.

काही जणांना हे हलकं वाटतं. "शेवट माहीतच असेल तर वाचायचं कशाला?" असं आमच्याच गटात एकानं विचारलं होतं. माझं म्हणणं असं की पुरुष आणि बाईच्या प्रेमाचे सुखान्त आपण लहानपणापासून हजारदा पाहिलेत, त्यामुळे आपल्याला त्यांचा कंटाळा करणं परवडतं. गंगाखेडच्या ज्या पोरानं आपल्यासारख्या माणसाला गोष्टीत एकदाही म्हातारं होताना पाहिलेलं नाही, त्याला तो शेवट वाचायला मिळणं हे भाकरीइतकं गरजेचं आहे.

ताई, हे आपल्याकडचं हाय का? का नुसतं तिकडचं खूळ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

पहिली गोष्ट सिराज औरंगाबादींची. १८व्या शतकातला हा सूफी कवी औरंगाबादेत राहिला आणि तिथेच गेला. 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क' ही त्यांची गझल आजही मैफलींत गातात. त्यांची 'बोस्तान-ए-खयाल' नावाची एक मसनवी, म्हणजे दीर्घ कथाकाव्य, आहे. त्यात एका तरुणावर जडलेला जीव, त्यातून आलेलं वेड आणि विरह कवीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलाय. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली भारतीय साहित्यातल्या समलिंगी प्रेमाचं मोठं संकलन काढलं, त्यात या मसनवीचा भाग इंग्रजीत आहे. म्हणजे आपल्याच मातीतल्या माणसानं अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आपल्याला परक्या भाषेतून परत मिळालं.

दुसरी गोष्ट इंग्लंडची वाटते, पण तीही औरंगाबादवरून जाते. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२ साली पहिल्यांदा भारतात आला तो मुख्यतः सय्यद रॉस मसूद या मित्रासाठी. मसूदवर त्याचा जीव होता; मसूदच्या बाजूनं ती मैत्रीच होती. मसूदच्या ओळखीनं फॉर्स्टर १९१३च्या मार्चमध्ये औरंगाबादला एका तरुण न्यायाधिकाऱ्याकडे उतरला. त्यानं वेरूळ पाहिलं, दौलताबाद पाहिलं आणि तिथल्या कोर्टात पंखा ओढणारा एक माणूस पाहिला. तो पंखेवाला पुढे १९२४च्या 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये खटल्याच्या प्रसंगात येऊन बसला. ती कादंबरी फॉर्स्टरनं मसूदलाच अर्पण केली.

आणि त्या भारतभेटीवरून मायदेशी परतल्यावर १९१३लाच त्यानं 'मॉरिस' लिहायला घेतली. दोन पुरुषांची प्रेमकथा, आणि शेवट गोड. गोड शेवटाबद्दल तो हटून बसला होता. निदान गोष्टीत तरी दोन पुरुषांनी प्रेमात पडावं आणि तसंच राहावं, असं त्यानं नंतरच्या टिपणात लिहून ठेवलंय. कादंबरी १९१४ला पूर्ण झाली आणि तो असेपर्यंत छापली गेली नाही. तो १९७०ला गेला, 'मॉरिस' १९७१ला आली. वेरूळच्या पायऱ्या उतरून गेलेला माणूस छप्पन्न वर्षं एक सुखान्त टेबलाच्या खणात ठेवून जगला, हे मला वेरूळला गेले की दरवेळी आठवतं.

आपल्याला गुन्हेगार ठरवणारं ३७७ कलम मात्र खरंच तिकडून आलं, १८६०च्या दंड संहितेतून.

यंदा एकच पुस्तक वाचायला वेळ आहे. कोणतं वाचू?

टेलर जेंकिन्स रीडची 'ॲटमॉस्फिअर'. २०२५च्या जूनमध्ये आलेली.

जोन गुडविन ही ह्यूस्टनमधली खगोलशास्त्राची प्राध्यापक. १९८०च्या सुमाराला नासा अवकाश शटलसाठी बायकांनाही घ्यायला लागते, तेव्हा तिची निवड होते. प्रशिक्षणात तिला व्हनेसा फोर्ड भेटते. व्हनेसा इंजिनं हाताळणारी, विमानं उडवणारी, तुटक बोलणारी. कादंबरी उघडते १९८४च्या डिसेंबरात. व्हनेसा वर शटलमध्ये आहे, तिथे अपघात झालाय, आणि खाली नियंत्रण कक्षात यानाशी बोलायची जबाबदारी जोनची आहे. सगळी खोली ऐकतेय. त्या दोघींना एकमेकींशी फक्त कामाच्या भाषेत बोलता येतं. दाबाचे आकडे, झडपा, वेळ. आणि त्या आकड्यांच्या खालून दोघी काय बोलताहेत ते फक्त वाचकाला कळतं.

मी ती पानं बँकेच्या रांगेत वाचली आणि माझा नंबर गेला.

हे आपल्याकडे कळायला अजिबात अवघड नाही. व्हनेसाला कळून चुकलेलं असतं की नातं उघड झालं तर आकाश जाईल; नोकरीच काढून घेतील. आमच्या गटात भरतीची तयारी करणारी एक मुलगी आहे. ती म्हणाली, "पोलीस व्हेरिफिकेशनला घरमालकीण काय सांगेल याची मला जी भीती आहे ना, तीच आहे ही." खऱ्या इतिहासातही असंच झालं. सॅली राइड ही १९८३ला अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. टॅम ओशॉनेसी या बाईशी असलेलं तिचं सत्तावीस वर्षांचं सहजीवन जगाला कळलं ते २०१२ला, तिच्या निधनाच्या बातमीत.

कादंबरीत जोनची लहान भाची आहे, फ्रान्सिस. प्रेमकथेइतकीच ती मावशी-भाचीची गोष्टसुद्धा आहे, आणि मला तीच जास्त लागली. शेवट सांगत नाही. शेवटची वीस पानं एका बैठकीत वाचा, मधे कुकरची शिट्टी ठेवू नका.

इंग्रजी जड जातं. कुठून सुरुवात करू?

ॲलिस ओसमनच्या 'हार्टस्टॉपर'पासून. ही चित्रकादंबरी आहे. शब्द थोडे, बहुतेक दोन-चार शब्दांची वाक्यं. चार्ली आणि निक ही इंग्लंडमधल्या शाळेतली दोन मुलं, वर्गात शेजारी बसतात आणि हळूहळू एकमेकांत गुंततात. भांडणं, पालक, आजारपण सगळं आहे, पण चित्रांतून कळत जातं. पाच भाग आलेत, सहावा आणि शेवटचा २०२६साठी जाहीर झालाय. सेलूच्या एका दहावी नापास पोरानं पाचही भाग अकरा दिवसांत वाचून परत केले. त्यानं आडलेले शब्द पेन्सिलीनं समासात मराठीत लिहिले होते. मी ते खोडले नाहीत, पुढच्याच्या कामी येतील.

मराठीत काय आहे?

थोडं आहे, पण जे आहे ते आधी वाचा.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. पुण्यातल्या घरात एक तरुण भाडेकरू राहायला येतो आणि घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. पहिला अर्धा भाग तनयचा, दुसरा अनुजाच्या डायरीचा. तनय सगळं त्या निघून गेलेल्या माणसालाच सांगत राहतो. घरात बहिणीसाठी सगळे धावतात, तिचं दुःख दिसतं, आणि त्याच छताखाली भावाचं दुःख कुणाच्या लक्षातही येत नाही, हे ज्या शांतपणे लिहिलंय ते वाचून मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. जेरी पिंटोंनी २०१३ला तिचं इंग्रजी भाषांतर केलं, २०२२ला कुंडलकरांनीच सिनेमा केला. सिनेमा आधी पाहिला असेल तरी पुस्तक वाचा. मराठी वाक्यांचा तो संथ ओघ सिनेमात नाही.

बिंदुमाधव खिऱ्यांचं 'पार्टनर' अगदी साध्या भाषेत आहे, डायरीसारखं. खिरे यांनी २००२ला पुण्यात समलिंगी, पारलिंगी माणसांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट सुरू केला. ज्यांना स्वतःबद्दल नुकतं कळायला लागलंय त्यांना मी हेच पुस्तक आधी देते. त्यातली भीती आणि त्यातले घरातले संवाद आपल्या घरातले आहेत.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे १९८१ला रंगभूमीवर आलेलं नाटक. एका मुलीवर जीव जडलेल्या सुमित्राची, म्हणजे मित्राची, गोष्ट. त्या काळात मराठी रंगमंचावर हे मांडणं ही केवढी हिंमत होती! पण शेवटी मित्रा मरते. म्हणून ते मी एकट्यानं, रात्री वाचायला देत नाही. गटात वाचतो, आणि वाचून झाल्यावर बोलत बसतो.

या तिन्हींत पूर्ण सुखान्त प्रेमकादंबरी कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. तेच तर माझं दुखणं आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

भारतातल्या, आपल्यासारख्या घरांतल्या गोष्टी हव्यात.

संतनू भट्टाचार्यांची 'डीव्हियंट्स' २०२५ची. एकाच घरातले तीन पिढ्यांचे तीन पुरुष: भाचा, मामा आणि त्या मामाचाही मामा. आजचा पोरगा घरात मोकळेपणानं बोलू शकतो, मधल्याला ३७७चा धाक, आणि सगळ्यात थोरल्याच्या काळात तर या गोष्टीला नावच नाही. काटेकोर अर्थानं ही रोमान्स नाही. तरी यादीत घेतली, कारण ती वाचताना प्रत्येकाला आपल्या खानदानातले एक काका आठवतात. लग्न न केलेले, सणाला सगळ्यांच्या पोरांना कपडे आणणारे, आणि एका 'मित्रा'सोबत दरवर्षी तीर्थयात्रेला जाणारे.

वसुधेंद्र यांचं 'मोहनस्वामी' मूळ कन्नड, २०१३चं. इंग्रजीत २०१६ला आलं. उदगीर-देगलूरकडच्यांना त्यातलं गाव, त्यातली आई, सायकल शिकण्याची धडपड अगदी ओळखीची वाटेल. आपण आणि बीदर एकाच निजामी राज्यातून आलेली माणसं, घरांची ठेवणसुद्धा सारखी.

दोन मुलींची गोष्ट सुचवा ना. सगळे पोरांच्याच सांगतात.

खरंय. आमच्या कपाटातही तो दोष होता, आता भरून काढतोय.

रूथ वनितांची 'मेमरी ऑफ लाइट' घ्या. १८व्या शतकाच्या शेवटाचं लखनौ, इंग्लंडच्या राजाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्याची तयारी चाललीय. काशीहून चपलाबाई येते आणि नफीसबाई या कवयित्री तवायफेचं काळीज घेऊन जाते. शेर, पत्रं, अत्तर, पावसाची रात्र. आपल्याकडच्या बैठकीच्या लावणीची ज्यांना गोडी आहे त्यांना हे पुस्तक फार जवळचं वाटेल, कारण त्यातही अदेतून आणि शब्दांच्या दुहेरी अर्थातून प्रेम बोललं जातं.

हलकंफुलकं हवं असेल तर ॲशली हेरिंग ब्लेकची 'डिलायला ग्रीन डझन्ट केअर'. फोटोग्राफर मुलगी सावत्र बहिणीच्या लग्नाचे फोटो काढायला नाइलाजानं गावी येते आणि पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या एका लेकुरवाळ्या बाईत अडकते. लग्नघरातले रुसवेफुगवे वाचून तुम्ही म्हणाल, ही अमेरिका की आपलं माजलगाव!

पारलिंगी नायक असलेली प्रेमकथा?

एडन थॉमसची 'सेमेटरी बॉइज'. यॅड्रिएल हा ट्रान्स मुलगा, आपण मुलगा आहोत हे घराण्याला पटवून देण्यासाठी परंपरेचा विधी स्वतःच करतो. एक आत्मा बोलावतो, भलताच येतो, आणि तो जायलाच तयार होत नाही. पितरांवर आणि घराण्याच्या मानपानावर श्रद्धा असलेलं ते कुटुंब आपल्याला परकं वाटत नाही.

ती हॉकीवाली कादंबरी कशी आहे? मालिका आल्यापासून सगळे तीच मागतात.

रेचल रीडची 'हीटेड रायव्हलरी', मूळ २०१९ची. २०२५च्या नोव्हेंबरात मालिका आली आणि पुस्तक पुन्हा नव्यानं गाजलं. शेन आणि इल्या हे बर्फावरच्या हॉकीतले दोन कट्टर प्रतिस्पर्धी, मैदानात एकमेकांवर तुटून पडणारे आणि वर्षानुवर्षं चोरून भेटणारे.

स्पष्ट सांगते, शरीरसंबंधांची वर्णनं उघड आणि भरपूर आहेत. अठरा पूर्ण नसतील त्यांना मी हे देत नाही. पण निव्वळ त्यासाठीच वाचणाऱ्यांनाही मधेच लक्षात येतं की ही दोन माणसं एकमेकांच्या घरी जेवायला कधी थांबतच नाहीत, आणि जेव्हा एक जण थांबतो तेव्हा सगळं बदलतं. एक साधं सँडविच खातानाचा प्रसंग कुठल्याही शृंगारापेक्षा जास्त धडधड वाढवतो.

मग कमी उघडं, घरात कुणी चाळलं तरी चालेल असं?

टीजे क्लूनची 'द हाउस इन द सेरुलियन सी' आणि २०२४ला आलेला तिचा पुढचा भाग 'समव्हेअर बियॉन्ड द सी'. सरकारी खात्यातला चाळिशीचा एक तपासनीस बेटावरच्या अनाथाश्रमाची पाहणी करायला जातो. तिथली मुलं जादुई आहेत आणि आश्रमचालक आर्थर फार प्रेमळ आहे. दुसरा भाग आर्थरच्या बाजूनं सांगितलाय. तपासणी, अहवाल, शेरे, वरिष्ठांचा धाक: ज्यांनी जिल्हा परिषदेत नोकरी केलीय त्यांना पहिली पन्नास पानं फार आवडतील.

मन जड आहे. जवळचं माणूस गेलंय. तरी प्रेमकथा वाचवेल का?

कॅट सेबॅस्टियनची 'यू शुड बी सो लकी' वाचा, २०२४ची. १९६०चं न्यू यॉर्क. एडी बेसबॉल खेळाडू आहे, त्याची बॅट चालेनाशी झालीय. मार्क वार्ताहर आहे, आणि त्याचा अनेक वर्षांचा जोडीदार वारलाय. पण ते दोघं जोडीदार होते हे कधी उघडपणे सांगताच आलं नव्हतं, म्हणून त्याला आपलं दुःखही चारचौघांत मांडता येत नाही.

आमच्या गटात एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. ते हे पुस्तक वाचून आले आणि गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तो गेला तेव्हा मी दहाव्याला गेलो होतो. पंगतीत वाढप्याचं काम केलं. सगळ्यांना बुंदी वाढली." त्यानंतर त्या रविवारी पुस्तकावर चर्चा झाली नाही. आम्ही त्यांच्याजवळ बसलो. कुणीतरी त्यांना पहिल्यांदाच भेटायला आल्यासारखं.

कायद्यानं आपण कुठे आहोत? पुस्तक बाळगल्यानं काही होईल का?

काही होणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ला सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७मधून बाहेर काढलं. १५ एप्रिल २०१४च्या निकालानं पारलिंगी व्यक्तींना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य झाला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही.

म्हणून आपल्याकडच्या सुखान्ताला मांडव नसतो. माझ्या ओळखीचा सुखान्त म्हणजे एका कुलपाच्या दोन किल्ल्या. एक माझ्या पर्समध्ये असते, एक तिच्या. तेरा वर्षं झाली.

घरी एकत्र कुटुंब आहे. पुस्तक कुठे ठेवू?

जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घाला, पांढरी बाजू वर. वर अभ्यासाचं काहीतरी नाव टाका. आमच्या कपाटातली निम्मी पुस्तकं 'सामान्य ज्ञान' आहेत. फोनवर वाचत असाल तर वाचनाच्या ॲपला वेगळा पासवर्ड ठेवा आणि नोटिफिकेशन बंद करा. भावाच्या हातात फोन असताना "तुमचं पुस्तक वाचून पूर्ण करा" असं वर झळकतं आणि घोळ होतो. घरपोच मागवताना पार्सल कोण घेणार याचा आधी विचार करा.

लपवून वाचण्याची लाज वाटू देऊ नका. घर सुरक्षित आहे की नाही हे तुम्हालाच सगळ्यात चांगलं कळतं, आणि सांगायची घाई कुणाच्याही सांगण्यावरून करू नका, माझ्यासुद्धा.

मुलाच्या दप्तरात असलं पुस्तक सापडलं. मी आई आहे. काय करू?

आधी ते होतं तिथेच, तसंच ठेवा. मग जमलं तर स्वतः मिळवून वाचा. 'हार्टस्टॉपर' एका दुपारी वाचून होतं.

पुस्तक वाचून कुणी समलिंगी होत नाही. तसं असतं तर लग्नाची सगळी गाणी ऐकून मी केव्हाच बदलले असते. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९०लाच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ला असं कळवलं की 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. त्यामुळे कुणी इंजेक्शन, गोळ्या किंवा अंगारा देऊन पोर 'सरळ' करून देतो म्हणत असेल तर त्या दारातून उलट पावली परत या. मुलगा फार गप्प असेल, जेवत नसेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि एक सांगू का? त्याला विचारायचंच असेल तर "हे काय आहे?" असं विचारू नका. जेवायला वाढताना "त्या पुस्तकाचा शेवट काय होतो रे?" असं विचारा. एका आईनं खरंच असं विचारलं होतं. पोरगं आधी घाबरलं, मग भाकरी हातात तशीच धरून अर्धा तास गोष्ट सांगत बसलं.

पुस्तकं मिळतील कुठे? पीडीएफ आहे का?

पीडीएफ मागू नका, मी पाठवणार नाही. या लेखकांची पोटं या पुस्तकांवर आहेत, आणि मराठीत उद्या कुणी असं लिहावं असं वाटत असेल तर विकत घेण्याची सवय आजच हवी. संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या दुकानांत सांगितलं तर मागवून देतात. 'कोबाल्ट ब्लू'सारखं मराठी पुस्तक गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मागणी नोंदवूनही येऊ शकतं. एका ग्रंथालयात माझी चिठ्ठी मला "असली पुस्तकं आपण ठेवत नाही" म्हणून परत मिळाली होती. पुढच्या महिन्यात चार वेगवेगळ्या सभासदांनी तीच मागणी लिहिली. पुस्तक आलं, आणि आता ते कायम बाहेरच असतं.

मला स्वतःला लिहायचंय. मराठवाड्यातली अशी प्रेमकथा कोण छापेल?

आधी लिहा. छापण्याचं नंतर बघू, दिवाळी अंक दरवर्षी निघतात आणि संपादकांना नवं हवंच असतं.

लातूरच्या क्लासच्या होस्टेलमध्ये एका खोलीत तीन खाटांवर राहणारी पोरं लिहा. ऊसतोडीला निघालेल्या टोळीत एकाच कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या जोडीत, नसलेल्या दोन बायका लिहा, ज्यांना सहा महिने फक्त कारखान्याच्या रस्त्यावर भेटता येतं. देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्रभर खांद्यावर डोकं ठेवून झोपलेला आणि सकाळी अनोळखी झालेला माणूस लिहा. पाण्याच्या टँकरमागे लागलेल्या रांगेत कुणीतरी कुणाची घागर आधी भरून देतं, तिथून कादंबरी सुरू होऊ शकते.

शब्द नाहीत असं बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. 'जीव लागणं', 'जीव अडकणं', 'डोळ्यांत भरणं', 'करमत नाही': आपल्या या शब्दांना मुळातच बाई-पुरुष लागत नाही. माझ्या आजीनं मला पहिल्यांदा माझ्या मैत्रिणीबद्दल विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तिच्याबिगर तुला करमत नाही, व्हय ना?" मी हो म्हटलं. तिनं ताटात आणखी एक भाकरी टाकली. एवढ्यावर एक कादंबरी उभी राहील.

फक्त कुणाला मारू नका. अपघातात नाही, विहिरीत नाही, फासावर नाही. आपल्याकडे विहिरी आणि फास खूप आहेत. तुमच्या माणसांना शेवटच्या पानापर्यंत चालवत न्या आणि तिथे त्यांना बसायला एखादी बाज द्या.

पुस्तक परत कधी करायचं? दंड आहे का?

दंड नाही, तारीख नाही. वाचून झालं की पुढच्याला द्या किंवा माझ्याकडे पाठवा. मागच्या महिन्यात 'कोबाल्ट ब्लू' दोन वर्षांनी परत आलं. वसमत-परभणीचं एसटीचं तिकीट खुणेला लावलेलं, मधल्या पानांत हुरड्याचं कोंड अडकलेलं आणि आतल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या अक्षरांत सहा तारखा. मी ज्याला दिलं होतं त्याचं अक्षर त्यातलं फक्त पहिलं होतं. बाकी पाच कोण आहेत मला माहीत नाही. खाली जागा आहे अजून, तुम्हीही तारीख टाका.